रायझलची मुलगी

"नाव चुकलंय," हिंदा म्हणाली. "पत्र परत लिहून हवंय."

फायवेलने चष्मा कपाळावर चढवला. धर्मगुरू रब्बींच्या दाराशी बसून बसून या कारभाऱ्याला कुणाचंच काही वाटेनासं झालं होतं. "अगं, रब्बींचे हात बघितलेस? कप धरवत नाही त्यांना. बाकीच्यांना मी लिहून देतो, ते नुसती सही करतात. तुझं रडणं ऐकून तुला स्वतः लिहून दिलं, आणि तू चुका काढतेस?"

"चूक त्यांची नाही. मीच खोटं नाव सांगितलं होतं."

बाकावर बसलेल्या बायकांनी माना वळवल्या.

हिंदा बाजारात खाटकाकडे कोंबड्यांची पिसं उपटायची. महायुद्धानंतर पोलंडहून जेरुसलेममध्ये आली तीच मूल कडेवर घेऊन. नवरा कुठे, असं तेव्हा आमच्या गल्लीत कुणी कुणाला विचारत नसे. त्या मुलीला, ब्लूमाला, तिनं इतकं जपलं, की खाटकीण म्हणायची, "हिंदा, पोरगी शिंकली तरी तू डॉक्टरला उठवशील." आता ब्लूमा दवाखान्यात पडून होती, डॉक्टर रोज बघत होते आणि ताप काही केल्या उतरत नव्हता.

मग रब्बींचं पत्र मिळालं. 'हिंदाची मुलगी ब्लूमा हिला पूर्ण आराम पडो.' अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं, पण खुद्द रब्बींचं. निम्मी गल्ली दवाखान्यात येऊन ते डोळ्यांना लावून गेली. ब्लूमा रोज ते स्वतः वाचायची, उशीखाली ठेवायची, आणि रोज जास्तच खंगायची. काल डॉक्टरांनी हिंदाला बाहेर बोलावून सांगितलं, की आता आशा धरू नका.

का गुण येत नाही ते हिंदाला ठाऊक होतं. आजाऱ्यासाठी आशीर्वाद मागताना आमच्यात बापाचं नाव चालत नाही, जन्म देणाऱ्या आईचंच लागतं. हिंदाची मुलगी ब्लूमा अशी जगात कुणी नव्हतीच. आशीर्वाद जाणार तरी कुठे?

"कोणाची आहे मग?" फायवेलने आवाज खाली आणला.

"रायझलची. माझी थोरली बहीण. बाळंतपणातच गेली."

"पोरीला माहीत आहे?"

"नाही."

"मग मी रब्बींच्या कानात सांगतो. ते प्रार्थना करतील. कागद कशाला? ती वाचेल ना, वेडे."

"तिच्या उशीखाली खोटं नाव आहे, फायवेल. त्यावर डोकं ठेवून ती मरतेय. वाचू दे. वाचायला जिवंत तर राहील."

फायवेल उठला आणि त्यानं दार उघडलं.

रब्बी लिहायला लागले. एकेक अक्षर उमटायला वेळ लागत होता आणि हिंदाचा जीव टांगणीला लागला होता. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आणि तुला मुलं किती, बाई?"

"एकही नाही," हिंदा म्हणाली. हे तिनं आजवर कधी उच्चारलं नव्हतं. तिनं टेबलाचा कोपरा धरला.

रब्बींचा हात थांबला. "तुझ्यासाठीही दोन ओळी लिहितो."

"माझं राहू दे. तुमचा हात दुखेल."

दवाखान्यात तिनं पत्र ब्लूमाच्या हातात दिलं. ब्लूमानं ते डोळ्यांजवळ धरून वाचलं.

"आई, हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे. रायझलची मुलगी लिहिलंय. परत देऊन ये, ती बिचारी वाट बघत असेल."

"तुझंच आहे ते."

"रायझल कोण?"

हिंदानं सांगितलं. दोघी बहिणी लपल्या होत्या तो पोलंडमधला गोठा, रायझलचा थंड पडत गेलेला हात, सगळं सांगितलं. रडायचं नाही असं ठरवून आली होती, ते काही जमलं नाही. ब्लूमानं सगळं ऐकून घेतलं, पत्र स्वतःच उशीखाली सरकवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. हिंदानं तिच्या पाठीवर हात ठेवायला उचलला आणि परत मांडीवर घेतला.

संध्याकाळी ब्लूमाचे ओठ हलले. हिंदा वाकली.

"पाणी," ब्लूमा म्हणाली. एवढंच म्हणाली. 'आई' अशी हाक मारली नाही.

हिंदानं तिची मान उचलून पेला ओठांना लावला. गेले दोन दिवस घोटभर पाणीही उलटून पडत होतं. आज ते पोटात राहिलं. ब्लूमानं आणखी मागितलं, पुन्हा तसंच, आणि हिंदा पेला भरायला उठली.