राजकन्येच्या पायातलं पैंजण

मित्रांनो, मी एक जुनं चांदीचं पैंजण आहे. तसं माझं वय चारच वर्षांचं, पण माणसांनी मला लवकर जुनं केलं. समोर हुपरीतली चांदी आटवायची भट्टी पेटते आहे. वेळ थोडा आहे, म्हणून सांगून टाकतं.

याच घरात १९९६ साली कृष्णात या चांदी-कारागिरानं मला घडवलं, लेकीच्या, म्हणजे तेजस्वीच्या, लग्नासाठी. माझ्या कडीवर त्यानं इवलासा मोर बसवला. तसा मोर दुसऱ्या कुठल्याच पैंजणाला नव्हता. मला त्याचा भारी तोरा होता!

लग्नाला महिना उरला होता. कोल्हापुरात तेव्हा एका सिनेमाचं चित्रीकरण चालू होतं. संस्थानची राजकन्या आणि तिच्यावर जीव टाकणारा, घोडे शिकवणारा चाबूकस्वार, अशी गोष्ट. राजकन्येला पैंजण हवं होतं. कृष्णातनं ऐटीत मलाच नेऊन दिलं. "माझ्या लेकीचं पैंजण पडद्यावर दिसंल की!" प्रसंग कोणता, हे त्यानं विचारलंच नाही.

कॅमेऱ्यासमोर राजकन्या विष प्यायली. तिचे पाय ताठ झाले, मी एकदा वाजलं नि गप्प झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेजस्वी मला घालूनच कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत सासरी गेली. पुढं सिनेमा लागला. सासू बयाबाई सुनेला कौतुकानं घेऊन गेल्या. शेवटी सगळं थिएटर मुसमुसत असताना पडद्यावर ते निपचित पाय आले, आणि कडीवरचा मोर.

बयाबाईंचे डोळे पुसायचे थांबले. "मढ्याच्या पायातलं माझ्या घरात?"

"आत्या, खोटं हाय ते. ती बाई जित्ती हाय," तेजस्वी सासूला म्हणाली.

त्या दिवसापासून दूध उतू गेलं तरी माझं नाव. मला फडताळात कोंडलं. मग तेजस्वीचा नवरा महिनाभर तापानं अंथरुणाला खिळला, आणि मी तर कुलपात होतं! तेव्हा बयाबाईंचं बोट वळलं ते तेजस्वीकडे. "घेऊन आली ती हीच की!"

पैंजण आटवा, मगच पोरगी पाठवा, असा निरोप देऊन तिला माझ्यासकट माहेरी धाडलं.

आता कृष्णातनं मला चिमट्यात धरलंय. तेजस्वी दारातून म्हणाली, "आबा, ह्ये आटवा खुशाल. पण पुन्हा काय झालं, तर मग काय आटवणार?"

त्यानं चिमटा भट्टीकडे वळवला.

मित्रांनो, मला वाचवा असं मी म्हणत नाही. चांदी आटली तरी चांदीच राहते. तेजस्वीला तेवढं जपा. उद्या ती सासरी जाईल, आणि दूध काय, कुठल्याही घरात उतू जातं.