एका श्वासाएवढी जागा

मित्रांनो, सुरतेत मला सगळे 'कॅसिओ' म्हणत. वरातीत कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड असो, लोकांच्या तोंडी तो कॅसिओच. मी मात्र त्या कंपनीचा नव्हे. जपानमधल्या एका लहानशा कंपनीने बनवलेला मी एक जुना कीबोर्ड आहे. माझ्या कळा आता पिवळ्या पडल्या आहेत आणि एका कडेचा पत्रा चेपला आहे. वाजतो मात्र अजून.

माझा जन्म झाला तेव्हा आमच्या धंद्यात मोठी शर्यत चालू होती. यामाहाने आकडेमोडीतून सूर काढून दाखवले होते. मग रोलँडने खऱ्या वाद्याच्या आवाजाचा एक तुकडा घेऊन त्याला बनावट शेपूट जोडलं. कोर्गने वाद्यं, ताल आणि अख्खं गाणं नोंदवायची सोय एकाच पेटीत बसवली. कॅसिओने लहान, स्वस्त कीबोर्ड घरोघर पोचवले. या सगळ्यांपुढे माझी कंपनी कोण? तिने वेगळी युक्ती केली. तिने माझ्या पोटात थोडी जागा रिकामी ठेवली, एका श्वासाएवढी. समोर माइक धरून तुम्ही जो सूर द्याल तो त्या जागेत राहील, आणि मग माझ्या प्रत्येक कळेतून तोच निघेल. मला बंद केलं तरी तो जाणार नाही, असं माझ्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं.

मुंबईहून मी सुरतेला आलो, एका गुजराती शेठच्या दुकानात. तिथे काचेमागे आम्ही सगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड ओळीने मांडलेले असायचो. प्रत्येकाला आपोआप वाजायचं एक बटण होतं. ते दाबलं की कळ हलत नसे आणि गाणं सुरू होई. रस्त्यावरची माणसं थांबून बघत. वाजवणारा कुठे दिसत नाही म्हणून काही जण हसत, काही जण एक पाऊल मागे सरत.

मला विकत घेतलं ते कुंदनने. कुंदन मूळचा अमळनेरकडचा. सुरतेच्या लिंबायत भागात त्याचा लग्नाचा बँड होता. बँडचा जीव म्हणजे पंडितआप्पांचा क्लॅरनेट. आप्पा दिवसा कापड विणायच्या लूमवर काम करत आणि लग्नसराईत वाजवत. त्यांचा सूर ऐकून नवरदेवाचे मामाही नाचायला उतरत. पण कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली होती. एक वरात संपेपर्यंत ते दोनदा ओट्यावर बसू लागले. त्यात गिऱ्हाईकं विचारू लागली, "कॅसिओ आहे का तुमच्याकडे?"

कुंदन मला घेऊन थेट आप्पांच्या खोलीवर आला. आप्पांची बायको सरलाबाई दारात तांदूळ निवडत होती. मुलगी सुषमा शिवणयंत्रावर बसली होती.

"आप्पा, तुम्ही फक्त एक सूर द्या," कुंदन म्हणाला. "बाकीचं मी बोटांनी करतो. तुम्हाला गल्लीगल्लीत फिरायला नको."

आप्पांनी क्लॅरनेट ओठांना लावला आणि एक लांब, सरळ सूर दिला. मी तो घेतला. मित्रांनो, त्याआधी माझ्यात जे आवाज होते ते सगळे कारखान्यात भरलेले होते. हा गरम होता.

कुंदनने मधली कळ दाबली. आप्पांचाच सूर आला, तसाच्या तसा. त्याने खालची कळ दाबली. सूर जड आणि संथ झाला, एखाद्या म्हाताऱ्याने दुरून हाक मारावी तसा. वरची दाबली तेव्हा तो पोरसवदा, बारीक झाला.

आप्पांनी क्लॅरनेट मांडीवर ठेवला. मग हळूच म्हणाले, "खालचा माझा बाप आहे. वरचा मी, लहानपणचा. आणि मधला आता तुझा झाला, कुंदन."

सुषमा हसली. सरलाबाई हसली नाही.

त्यानंतर मी हातगाडीवर चढलो. मागे जनरेटर, पुढे भोंगे, मध्ये मी. सुरतेच्या उधना, कतारगाम, सचिन या भागांत, पार बारडोलीपर्यंत आम्ही गेलो. बँडचं नाव झालं. लोक कुंदनच्या खिशात नोटा खोचत. पण काहीतरी बरोबर नव्हतं, आणि ते मला लवकर कळलं. खरा क्लॅरनेट वाजवणारा माणूस मध्ये मध्ये थांबतो, कारण त्याला श्वास घ्यावा लागतो. माझ्यात तो सूर गोल गोल फिरत असे. कळ दाबून ठेवली की तो संपतच नसे. कुंदनला ते फार आवडायचं. गाण्याच्या शेवटी तो एक कळ दाबून दोन्ही हात हवेत उडवणाऱ्या पोरांकडे बघत राही, आणि सूर चालूच.

बारडोलीला एका वरातीत नवरदेवाची घोडी त्या सुरावर जागच्या जागी थांबली. ओढली, थोपटली, गूळ दिला, पण ती कान टवकारून गाडीकडे बघत उभीच. एक म्हातारी गर्दीतून पुढे आली, तिने गाडीच्या मागे वाकून पाहिलं आणि विचारलं, "वाजवणारा कुठे बसवला आहे?" कुंदनने माझ्याकडे बोट दाखवलं. तिने पदर तोंडाला लावला आणि ती घरात निघून गेली.

आप्पा तोवर अंथरुणाला खिळले होते. आपला सूर बाहेर फिरतो हे त्यांना माहीत होतं, पण त्यांनी तो वरातीत कधी ऐकला नव्हता. मग त्यांच्याच गल्लीत गणपत मिस्त्रीच्या मुलाचं लग्न निघालं.

ऊन उतरत होतं. आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो आणि कुंदनने आप्पांचा सूर लावला. आप्पांच्या घरासमोर आल्यावर त्याने मुद्दाम गाडी थांबवली. त्याला वाटलं, आप्पांना आनंद होईल. त्याने एक कळ दाबली आणि दाबूनच ठेवली.

आत काय झालं ते मी पुढे सरलाबाईच्या तोंडून ऐकलं. ती चुलीपाशी होती. नवऱ्याचा क्लॅरनेट ऐकून ती क्षणभर सगळं विसरली आणि दारात आली. मग तिला आठवलं की नवरा तर मागे खाटेवर आहे. ती वळली. घाबरून गावच्या अहिराणीत म्हणाली, "तुम्ही ते आठेच शेतस. मंग बाहेर कोन वाजाडी ऱ्हायना?"

आप्पांचे ओठ मिटलेले होते, गाल किंचित फुगलेले आणि बोटं चादरीवर भोकं दाबल्यासारखी रोवलेली. डोळे उघडे होते. छाती हलत नव्हती. चाळीस वर्षांची सवय. सूर चालू आहे तोवर श्वास घ्यायचा नाही, एवढंच त्यांच्या शरीराला माहीत होतं. आणि बाहेर सूर थांबत नव्हता. त्यांचा चेहरा काळानिळा पडत चालला होता.

सरलाबाई अनवाणी धावत आली. नाचणाऱ्यांना ढकलून तिने कुंदनचं मनगट धरलं.

"हात उचल," ती म्हणाली. "त्यास्ले दम लेऊ दे."

कुंदनने हात उचलला. सूर तुटला. भोंगे गप्प झाले आणि त्या शांततेत आतून एक मोठा, खरखरीत श्वास ऐकू आला. सगळ्या गल्लीने तो ऐकला. ताशावाल्याने काड्या खाली ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी कुंदन मला घेऊन पुन्हा त्या खोलीत आला. मान खाली घालून म्हणाला, "आप्पा, पुसून टाकतो."

"नको पुसू," आप्पा म्हणाले. त्यांना एकेक शब्द जड जात होता. "चांगला आहे रे. फक्त तुला थांबता येत नाही. ये, बस इथं."

मग रोज दुपारी आप्पा खाटेवर आणि मी खाली चटईवर. कुंदन वाजवी, आणि आप्पांनी बोट उचललं की त्याने हात उचलायचा. सुरुवातीला त्याला ते जमेना. त्याचा हात कळेवर चिकटून राही, मग आप्पांची छाती ताठ होई आणि सुषमा ओरडण्याआधी तो दचकून सोडून देई. हळूहळू त्याला ते कळलं. आप्पांचं बोट वर जाण्याआधीच त्याचा हात वर जाऊ लागला. त्या दिवसांत माझ्यातला सूर कधी नव्हे तो जिवंत माणसासारखा वाजला. मला तेच दिवस सगळ्यांत जास्त आठवतात.

पावसाळा संपता संपता आप्पा गेले.

कुंदनने त्यांचा सूर वरातीत लावणं सोडून दिलं. लोक मागत, "ते पंडितवालं वाजवा ना," तो ऐकलं न ऐकलं करी. गिऱ्हाईकं कमी झाली. बाजारात नवे कीबोर्ड आले होते. त्यांच्यात शेकडो आवाज तयारच भरलेले, शिवाय घेतलेला सूर फ्लॉपी डिस्कवर ठेवायची सोय, कारण बंद केलं की त्यांच्यातून तो पुसला जाई. शेवटी कुंदन मला बदलून नवा घ्यायला त्याच दुकानात घेऊन गेला.

तिथे कीबोर्ड वाजवून दाखवायला श्रीरंग नावाचा तरुण होता. माणूस चांगला, बोटं हलकी. त्याने मला तपासता तपासता आप्पांचा सूर काढला आणि तो थबकला.

"हा आवाज कुठल्या कंपनीचा?"

"कंपनीचा नाही," कुंदन म्हणाला. "लिंबायतचा आहे."

श्रीरंगने लगेच एक तार लावून तो सूर नव्या कीबोर्डमध्ये घेतला आणि डिस्कवर उतरवला. म्हणाला, "समोरच्या दुकानात दुसऱ्या कंपनीचा माल आहे. ते लोक नव्या कीबोर्डबरोबर ढोलाचे ठेके फुकट देतात. आपण हा देऊ. सुरतेतल्या प्रत्येक वरातीत वाजेल बघा."

नवा सूर नीट फिरतो की नाही हे बघायला त्याने तो चालू ठेवला आणि तो आत चहा सांगायला गेला. मित्रांनो, त्या नव्या कीबोर्डवर कुणाचाही हात नव्हता. एकही कळ दबलेली नव्हती. दुकानात फक्त कुंदन आणि मी, आणि आप्पा वाजवत होते. थांबत नव्हते. कुंदन घामाने भिजला. त्याला बटण सापडेना. शेवटी त्याने भिंतीतला प्लग उपटला आणि मला काखेत मारून तो तिथून निघाला.

कुंदनने हे घरी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सरलाबाई, सुषमा आणि तो मला घेऊन दुकानात आले. श्रीरंगने त्यांना खुर्च्या दिल्या.

"सरलाबेन, यात त्यांचं नावच होईल," तो समजावू लागला. "स्क्रीनवर 'पंडित' असं लिहू. तुम्हालाही शेठ काहीतरी देतील."

"एका वेळी किती गल्ल्यांत वाजेल?" तिने विचारलं.

"जितके विकले जातील तितक्यांत."

"आणि मध्ये थांबेल?"

श्रीरंगला प्रश्न कळला नाही. दाखवायला म्हणून त्याने डिस्क लावून सूर सुरू केला. सरलाबाई त्याला गणपत मिस्त्रीच्या मुलाच्या वरातीची हकीकत सांगू लागली. ती सावकाश बोलत होती आणि मागे सूर चालू होता. श्रीरंग ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचे ओठ मिटले. खांदे वर चढले. सरलाबाईचं बोलणं संपलं तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि आपण श्वास घेत नाही हे त्याला तेव्हा कळलं. त्याने खोकत खोकत बटण दाबलं. मग डिस्क काढून त्याने सरलाबाईच्या हातात दिली.

"दुसरी काढलेली नाही," तो म्हणाला. "खरंच नाही, बेन."

तिथून त्या दोघी अश्विनीकुमारच्या घाटावर गेल्या. आप्पांच्या अस्थी जिथे सोडल्या होत्या तिथेच सरलाबाईने ती डिस्क तापीत सोडली. ती लगेच बुडाली नाही. थोडी तरंगत गेली, सुषमा सांगते, मग तिरपी होऊन खाली गेली.

राहिलो मी. कुंदन मला द्यायला त्यांच्या घरी आला तेव्हा सरलाबाई म्हणाली, "यातलंही काढ." सुषमाने मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. "आई, माझ्याकडे त्यांचं ऐकायला दुसरं काही नाही." मग सरलाबाई म्हणाली, "गावभर नको. घरात राहू दे."

कुंदनने नवा कीबोर्ड दुसऱ्या दुकानातून घेतला. तो अजून वाजवतो, आणि कुठलाही आवाज लावला तरी मध्ये मध्ये हात उचलतो.

मी सुषमाच्या शिवणयंत्राशेजारी कापडाखाली असतो. सणावाराला ती एक कळ दाबते आणि सोडते. परवा कुंदन आला होता. त्याने मला उलटं करून बघितलं आणि सांगितलं, "काकू, आत एक लहान बॅटरी आहे. तिच्या जोरावर सूर टिकून आहे. आता ती म्हातारी झाली. बदलायला काढली तर आप्पा त्याच क्षणी जातील. नाही काढली तर आज ना उद्या जातील."

सरलाबाईने माझ्यावरचं कापड नीट केलं. "मग माणसासारखंच झालं," ती म्हणाली. "राहू दे."

मित्रांनो, मी फार दिवसांचा नाही याचं मला दुःख नाही. माझ्याहून हुशार कीबोर्ड दर वर्षी येतील, आणि त्यांच्या पोटात माझ्याहून पुष्कळ जागा असेल. तुम्ही कुणाचा आवाज त्यात ठेवाल तेव्हा त्या माणसाला एकदा विचारा. आणि ज्यांचा आवाज अजून कुठल्याच पेटीत नाही, स्वयंपाकघरातून नुसता ऐकू येतो, त्यांनी हाक मारली तर पहिल्याच हाकेला ओ द्या.