असरनंतरचा होकार

दुपार कलल्यावरच्या असरच्या नमाजानंतर अय्यूबभाईंना काही विचारायचं नाही, हा त्यांच्या बायकोने, जोहराने, रमजानपुरता घरात घातलेला कायदा होता, आणि तो उगाच नव्हता. गेल्याच आठवड्यात एका तुटलेल्या धाग्यावरून त्यांनी वीस वर्षं आपल्याकडे लूम चालवणाऱ्या चिंतूला कारखान्यातून घालवून दिलं, आणि इफ्तारचं पाणी घशाखाली उतरताच स्वतःच स्कूटर काढून त्याला परत बोलवायला त्याच्या गावी, शेलारला गेले. माणूस वाईट नव्हता. उपाशीपोटी मात्र राग नाकाच्या शेंड्यावर.

आज त्यांच्या मुलीने, अक्साने, तो कायदा मोडला. पुण्याच्या एका लॅबमध्ये तिला नोकरी मिळाली होती आणि येणार की नाही ते आजच सहाच्या आत कळवायचं होतं. इफ्तार पावणेसातला. अब्बा कारखान्यातून घरी आले तेव्हाच साडेपाच वाजले होते.

“इफ्तारनंतर बघू,” ते म्हणाले.

“तेव्हा उशीर होईल, अब्बा.”

‘मग राहू दे’ अगदी ओठांवर आलं होतं. कान तापले, दात आवळले गेले. चिंतूच्या वेळी हे असंच झालं होतं, म्हणून ते उठले. गॅलरीत गेले, आत आले, पुन्हा गॅलरीत गेले. पोरगी फोन हातात धरून घड्याळाकडे बघत होती, त्याचा त्यांना आणखीच त्रास झाला.

रोजा लागलाय, उपासाने चिडलेत, घरचे म्हणणार. दरवर्षी तेसुद्धा स्वतःला तेच सांगत, सोयीचं पडायचं. आज मात्र त्यांनी नीट लक्ष दिलं. भूक पोटात होती, जुन्या ओळखीची. हे दुसरं गळ्याशी होतं, आवंढा गिळला तरी खाली न जाणारं. त्याचा रोजाशी काही संबंध नव्हता. ही पोरगी गेली की घर खायला उठणार होतं, आणि त्याची त्यांना भीती वाटत होती. एवढीच गोष्ट होती.

सहाला दहा कमी होते.

“अक्सा, मी चिडलेलो न्हाय,” ते म्हणाले. “मला भीती वाटते.”

“मला पण वाटते,” ती हळूच म्हणाली.

“मग लिही, येते म्हणून.”

तिने लिहिलं आणि पाठवून दिलं. बेसनाचे हात घेऊन जोहरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“इफ्तारनंतर शब्द फिरवाल न्हाय ना?”

“इफ्तारनंतर भूक जाईल,” अय्यूबभाई गळ्यावर हात ठेवून म्हणाले. “हे न्हाय जायचं. पण शब्द फिरवणार न्हाय.”