साठ चेंडूंची सरासरी

"पुन्हा गेला," तो म्हणाला आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून त्याने पेन्सिल उचलली.

पडद्यावर मधली यष्टी आडवी पडली होती. कोपऱ्यात खेळाने आपला निकाल लिहिला होता: उशिरा, ११८. म्हणजे बटण योग्य क्षणानंतर एकशे अठरा सहस्रांश सेकंदांनी दाबले गेले होते. त्याने आकडा वहीत उतरवला.

"कितवा?" खिडकीजवळून बायकोने विचारले. ती छापखान्यात मुद्रितशोधक होती. उरलेली पाने घरी आणून, लाल पेन हातात धरून ती तपासत बसे.

"एक्केचाळिसावा. अजून एकोणीस."

"त्या गोलंदाजाला दम कसा लागत नाही हो?"

"त्याला फुप्फुसं नाहीत."

"सुटला बिचारा," ती म्हणाली आणि पान उलटले.

तो एका कॅलिब्रेशन प्रयोगशाळेत ज्येष्ठ तंत्रज्ञ होता. कारखान्यांचे तापमापक, दाबमापक आणि तराजू खरे बोलतात की नाही हे तपासणे, आणि किती खोटे बोलतात ते प्रमाणपत्रावर लिहून खाली सही करणे, एवढेच त्याचे सव्वीस वर्षांचे काम. तिथे त्याला सगळे 'मायक्रॉन' म्हणत. भांडारातला माणूस चहाचा पेला पुढे करताना अजूनही विचारी, "मायक्रॉनसाहेब, किती अंशांवर घेणार?" आणि तो गंभीरपणे सांगे, "तुझं बोट बुडालं नसेल त्या अंशावर."

खेळ मुलीचा होता. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाताना तिने तो मागे ठेवला, आणि दर रविवारी सकाळी ती तिकडून गोलंदाजी करू लागली. पहिले कित्येक रविवार तो शून्यावर बाद झाला.

"बाबा, तुम्ही चेंडू सुटायच्या आधीच फटका ठरवून मोकळे होता," ती फोनवर म्हणाली होती. "त्याचा हात बघा. टप्पा पडला की मगच बटण. आणि ऑफच्या बाहेरचा सोडून द्या ना! प्रत्येक चेंडूला उत्तर द्यायला तुम्ही काय वकील आहात?"

हे त्याला पटले, कारण ते तपासून पाहता येण्यासारखे होते. त्याने वही सुरू केली. रोज संध्याकाळी साडेसहाला खेळातल्या सरावाच्या जाळीत साठ चेंडू. तोच गोलंदाज, तोच वेग, आणि शेवटी साठांची सरासरी. आधी नुसता बचाव, मग पुढच्या पायावरचा फटका, मग मागच्या पायावरचा. सहा महिन्यांत सरासरी उशीर एकशे चाळिसावरून बहात्तरावर आला. एका रविवारी त्याने मुलीच्या गोलंदाजीवर एकतीस धावा केल्या, आणि सोमवारी भांडारातल्या माणसालाही ते सांगितले. असे काही तो एरवी कोणाला सांगत नसे.

त्यानंतर आकडा चढू लागला. ऐंशी, नव्वद, एकशे चार.

मोजमापाच्या धंद्यात एक क्रम ठरलेला असतो. आकडा बिघडला की आधी उपकरणावर संशय घ्यायचा, मग पद्धतीवर, मग हवेवर. मोजणाऱ्यावर सर्वांत शेवटी. त्याने क्रम सोडला नाही. नवा कंट्रोलर आणला. केबल बदलली. बटण दाबल्यापासून पडद्यावर बॅट हलेपर्यंत किती वेळ जातो, हे त्याने मोबाइलच्या संथगती कॅमेऱ्याने मोजले. तो वेळ अठ्ठेचाळीस सहस्रांश निघाला, आणि महिन्याभराने पुन्हा मोजला तेव्हाही तेवढाच. खोलीच्या हवेचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. क्रमात शेवटचे नाव उरले.

डॉक्टरांकडे जाताना त्याने वही बरोबर नेली. आलेख मुद्दाम तीन रंगांत काढला होता. डॉक्टरांनी आलेख पाहिलाच नाही. त्यांनी वहीचे पहिले पान उघडले, मग शेवटचे, मग पुन्हा पहिले.

"अक्षर कधीपासून बारीक होत गेलं?"

आकडे बरोबर आहेत ना, हे त्याने दोनदोनदा तपासले होते. ते केवढे आहेत, हे पाहायचे त्याला कधी सुचले नव्हते.

"दीड वर्ष झालं," शेजारच्या खुर्चीवरून बायको म्हणाली. अक्षरे पाहण्यात तिचे आयुष्य गेले होते.

डॉक्टरांनी त्याला खोलीत चालायला लावले, बोटांची उघडझाप करायला लावली, आणि शेवटी आजाराचे नाव सांगितले: कंपवात. त्याने विचारले, "बरा होतो?" ते म्हणाले, "नाही. औषधानं त्रास कमी होतो, बराच काळ." त्याने विचारले, "आणि सराव वाढवला तर?"

"खेळा की. त्यानं नुकसान काही नाही."

या वाक्याचा अर्थ त्यात जेवढा होता तेवढाच घ्यायला हवा होता. दुसऱ्या कोणाच्या अहवालात ते वाक्य आले असते तर त्याने तसाच घेतला असता.

प्रयोगशाळेत दरवर्षी प्रत्येक तंत्रज्ञाची परीक्षा होई. शंभर ग्रॅमचे प्रमाण वजन चिमट्याने उचलायचे, तराजूच्या ताटलीच्या बरोबर मधोमध ठेवायचे, काचेचे दार लावायचे, आकडा स्थिरावला की मोठ्याने वाचायचा आणि वजन परत काढायचे. असे दहा वेळा. दहा आकड्यांतला फरक मर्यादेत असला तर सहीचा अधिकार पुढच्या वर्षापर्यंत कायम. नसला तर सही गेली, आणि सही नसलेल्या तंत्रज्ञाला नोंदणी कक्षात बसून पावत्या फाडण्यापलीकडे काम नसे. परीक्षेला तीन महिने होते. त्याचे गृहीतक साधे होते: चिमटा धरणारा आणि बटण दाबणारा हात एकच, खेळातला आकडा पुन्हा सत्तरीत आला तर तिकडचाही येईल. या गृहीतकाला आधार काहीच नव्हता, आणि हे त्याच्याइतके स्पष्ट कोणाला ठाऊक नव्हते. तरी तो साठांवरून नव्वद चेंडूंवर गेला. सरासरी एकशे अठरावरून एकशे सव्वीसवर गेली, तसा तो पुन्हा साठांवर आला.

आणि एका गुरुवारी सरासरी अडुसष्ट आली.

शुक्रवारी सहासष्ट. शनिवारी एकसष्ट.

"ऐकलंस का?" तो बायकोला म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "चेंडू आता दिसतो. चांगला मोठा दिसतो, सावकाश येतो. खेळाडू म्हणतात ना, नजर बसली की चेंडू कलिंगडाएवढा दिसतो, तसं."

"छान झालं की," ती मान वर न करता म्हणाली. तिचे लाल पेन बराच वेळ एकाच ओळीवर थांबले होते.

कारण नसताना सुधारलेल्या आकड्यावर त्याने आयुष्यात कधी विश्वास ठेवला नव्हता. एका कारखान्याचा तापमापक आदल्या वर्षीपेक्षा चांगला आला म्हणून त्याने तो तीनदा परत पाठवला होता. या एका आकड्याला मात्र त्याने काहीही विचारले नाही. सात आठवडे आकडा रोज साठीच्या आसपास राहिला, आणि त्या सात आठवड्यांत तो घरात शीळ वाजवत असे.

परीक्षेच्या सकाळी नोंद करायला धाकटी होती. सहा वर्षांपूर्वी ती प्रयोगशाळेत आली तेव्हापासून तिला हे नाव पडले होते. काम त्यानेच तिला शिकवले होते. मोजणारा एक, नोंदणारा दुसरा. आणि नोंदणाऱ्याने आकडा आवडतो की नाही ते पाहायचे नाही, हा त्याने तिला शिकवलेला पहिला नियम होता.

पहिले दोन आकडे नीट आले. तिसऱ्या वेळी वजन ताटलीच्या कडेकडे बसले. चौथ्या वेळी चिमट्याचे टोक ताटलीला लागले आणि आकडा बराच वेळ तरंगत राहिला. तो स्थिरावला तेव्हा त्याने वाचून दाखवला. धाकटीचे पेन हलले नाही.

"सर, वारा आला बहुतेक. हा सोडून देऊ या?"

"दार बंद आहे. ऐकलास तसा लिही."

तिने लिहिला.

सातव्या वेळी वजन चिमट्यातून सुटले. ते दगडी मेजावर पडले, एकदा उडाले आणि गोल फिरत थांबले. आवाज फार मोठा झाला नाही.

प्रमाण वजन पडले की ते प्रमाण राहत नाही. दिसायला तसेच असते, कदाचित भरतेही तेवढेच. पण ते तेवढे आहे असे आता कोणी सहीनिशी म्हणू शकत नाही. या वजनाला सव्वीस वर्षांचा इतिहास होता. दरवर्षी ते केवढ्याने झिजले, याच्या सगळ्या नोंदी त्याच्याच अक्षरात होत्या.

"सर, कोणी बघितलं नाही," धाकटी हलक्या आवाजात म्हणाली. "दुसरं वजन घेऊन पहिल्यापासून करू. मी काही बोलणार नाही, खरंच."

"तू बघितलंस," तो म्हणाला. "मीही बघितलं. दोघं म्हणजे पुष्कळ झाले."

त्याने मखमलीची डबी उघडून वजन आत ठेवले. डबीवर चिठ्ठी चिकटवून तिच्यावर 'वापरातून बाद' असे लिहिले, तारीख घातली आणि सही केली. सही इतकी बारीक होती की धाकटीला डबी डोळ्यांजवळ न्यावी लागली. तिने ती मग बराच वेळ तिथेच धरून ठेवली.

साहेबांनी त्याला दुपारीच घरी जायला सांगितले. ते भले गृहस्थ होते. "नोंदणी कक्षात ऊन छान येतं," ते म्हणाले.

घरी कोणी नव्हते. बूट न काढता तो टीव्हीसमोर बसला. एकाच हाताविषयी दोन आकडे होते आणि दोन्ही खरे असणे शक्य नव्हते. प्रयोगशाळेच्या तराजूची तपासणी त्याने स्वतः केली होती. तेव्हा क्रमाने पुन्हा उपकरणावर संशय घ्यायची पाळी होती. त्याने खेळातले सेटिंगचे पान उघडले. दोन वर्षांपूर्वी एकदा ठरवून दिल्यावर ते पुन्हा उघडण्याचे कारण पडले नव्हते.

गोलंदाजाचा वेग: मंद. फलंदाजाला मदत: चालू.

सहा वाजता बायको आली तेव्हा तेच पान पडद्यावर होते. तिने पिशवी दारातच खाली ठेवली.

"परीक्षेचं काय झालं?"

"गेली."

ती त्याच्याशेजारी बसली. पडद्याकडे तिने एकदाच पाहिले.

"तारीख कोणती होती?" त्याने विचारले.

"अहो, मी..."

"तारीख सांग."

"बारा. गुरुवार. तुम्ही औषधं आणायला गेला होतात. पोरीनं फोनवर सांगितलं, मी बटणं दाबली. दोनदा चुकले. तुम्ही जेवत नव्हता नीट. जन्मभर लोकांच्या चुका काढल्या, म्हटलं एक आपण घालून बघावी."

"काय काय बदललंस?"

"वेग. आणि ते मदतीचं."

"दोन्ही एकदम?"

"हो."

"एका वेळी एकच बदलायचं असतं," तो म्हणाला. "नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही."

ती हसली आणि तिने पदर तोंडावर धरला. तो पदर बराच वेळ तिथून हलला नाही.

"रागावलात?"

"नाही. सात आठवडे बरे गेले. फक्त ते आकडे माझे नव्हते."

त्याने वही उघडली. कालच्या शेवटच्या नोंदीखाली पट्टी ठेवून रेघ मारली. पट्टीला टेकूनही रेघ थरथरली. रेघेखाली त्याने लिहिले: 'गुरुवार, १२ तारखेपासून कालपर्यंतच्या नोंदी ग्राह्य नाहीत.' ते वाचायला बायकोला चष्मा काढून वही जवळ घ्यावी लागली. वाक्यात चूक नव्हती.

मग त्याने वेग पूर्वीचा केला आणि मदत बंद केली.

"आजच?" तिने विचारले.

"साडेसहा वाजलेत."

गोलंदाज धावत आला. त्याला अजूनही दम लागला नव्हता. त्याने गोलंदाजाच्या हाताकडे पाहिले, टप्प्याची वाट पाहिली, सगळे मुलीने शिकवले तसे केले, आणि बोटाला सांगितले. बोट निघाले तेव्हा चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात होता.

त्याने पेन्सिल उचलली. ती बोटांतून घसरली, सोफ्याखाली गेली. वाकून ती शोधायला बायको उठली नाही. तिने पिशवीतून आपले लाल पेन काढले आणि वही स्वतःच्या मांडीवर घेतली.

"सांगा."

"उशिरा. एकशे एक्केचाळीस."

तिचे पेन कागदावर टेकले आणि थांबले.

"ऐकलास तसा लिही," तो म्हणाला.

तिने लिहिला. दोन ओळींमधली सगळी जागा भरेल एवढा मोठा, गोल वळणाचा आकडा. रेघेच्या वर त्याचे आकडे मुंग्यांच्या रांगेसारखे पानाच्या कडेपर्यंत गेले होते. तिने त्यांच्याकडे पाहिले नाही.

"अजून एकोणसाठ," ती म्हणाली.