तवाबच्या पाळीचं पाणी

"वाटी आज मुद्दाम सावकाश बुडतेय," निजाम पुटपुटला. "काट्यांना पाणी पाजायचं म्हटलं की तिलाही मस्ती येते."

"तिला काय कळतंय? तू गप बस," गौसुद्दीन म्हणाला.

गौसुद्दीन गावचा मीराब, पाण्याची वाटणी करणारा. पाटाच्या तोंडाशी बादलीत बारीक भोकाची तांब्याची वाटी सोडायची. ती बुडाली की एक माप. तवाबची सहा मापं, दर बारा दिवसांनी. तवाब लढाईत गेला त्याला सात वर्षं झाली. लढाई थांबली, त्यालाही तीन. त्याच्या शेतात दाणा पेरलेला नव्हता, पण पाळी एकदाही चुकली नव्हती. बंद करायची तर त्याच्या आईला कारण सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा उंटकाटे पोसलेले परवडले.

यंदा मात्र पाणी निम्म्यावर आलं. निजामने परागंदा होऊन परतल्यावर लावलेली डाळिंबं पानं गाळू लागली. शेवटी जिरग्यात, गावच्या पंचांच्या बैठकीत ठरलं, मीराबने तवाबच्या आईशी बोलावं. एवढं ठरवून सगळे दाढ्या कुरवाळत घरी गेले.

निजामला वाटीपाशी बसवून गौसुद्दीन शेताकडे गेला. तवाबची आई जरगुना खाला फावडं घेऊन बांधावर होती, दर पाळीला असायची तशीच.

"खाला, यंदा पाणी कमी आहे."

"दिसतंय. आंधळी नाही झाले अजून."

"निजामची डाळिंबं..."

"मेला लहानपणी तवाबला घेऊन माझी चोरायचा. आता स्वतःची जगवता येईनात होय?"

सकाळपासून घोटलेलं वाक्य गौसुद्दीनने बाजूला ठेवलं. त्याने खिशातली सुकी तुती काढून तिच्या ओंजळीत ओतली.

"बोलायला पाठवलंय तुला, की तुती चारायला?"

"तुती चारायला," तो खाली बघत म्हणाला.

ती हसली. दोन तुती सावकाश चघळल्या. उरलेल्या ओढणीच्या टोकाला बांधल्या. मग उठून तिने फावडंभर चिखल मुलाच्या शेताच्या तोंडाशी टाकला, वर पायाने नीट दाबला, आणि निजामच्या बाजूचा बांध फोडला. पाणी जरासं घुटमळलं, मग वळलं.

"खाला!" निजाम तिकडून ओरडत धावत आला. "तिसरीच बुडालीय. तवाबची अजून तीन मापं आहेत!"

"घे तू," ती म्हणाली. "तवाब आता येणार नाही रे, बाळा."