पेन्सिलने लिहिलेला माळढोक

माया दुपारपासून चौथ्यांदा उठली, करी रोडच्या घराच्या खिडकीपाशी गेली आणि पुन्हा लॅपटॉपसमोर येऊन बसली. सोलापूरकडच्या एका माळावर सौरप्रकल्प होणार होता. तिथल्या पक्ष्यांचा अहवाल तिला संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. एकच रकाना उरला होता: गेल्या तीन वर्षांत माळढोक दिसला का? दिसला असेल, तर विजेच्या तारा जमिनीखालून न्याव्या लागणार. नसेल, तर खांब. त्या जड पक्ष्याला उडताना समोरची तार वेळेवर दिसत नाही.

शेजारी पप्पांची, धम्मपालांची वही होती. गिरणी बंद पडल्यापासून ते वेळ मिळेल तेव्हा पक्षी मोजत हिंडले, आणि बारा दिवसांपूर्वी गेले. त्यांचा नियम होता: दोघांनी पाहिलेला पक्षी शाईने लिहायचा, एकट्याने पाहिलेला पेन्सिलने. याच माळावरची जानेवारीतली नोंद पेन्सिलने होती. माळढोक, मादी, एक.

त्या दिवशी माया जीपमध्ये बसून मेल लिहीत होती.

"माये, बघ गं!"

"एक मिनिट, पप्पा."

तिने मान वर केली तेव्हा नुसतं गवत हलत होतं.

आता तिच्या हातात पेन होतं. त्या अक्षरांवरून फिरवलं, तर कोण विचारणार होतं? तिने टोक कागदाला लावलं, उचललं. तेवढ्यात यशोधनचा, तिच्या टीमलीडचा फोन आला.

"काय मॅडम, माळढोक अंडी घालेपर्यंत थांबायचंय का?"

"नोंद आहे. पण एकट्याची."

"मग शून्य टाक ना यार. सोलर आहे, कोळसा नाही. आपण काय व्हिलन आहोत?"

"नाही. म्हणूनच नीट बघू दे. मी रविवारी माळावर जाऊन येते."

"रविवारी काकांचं पुण्यानुमोदन ना?" त्याने चेष्टा सोडली. "बरं, सोमवारी दे अहवाल. नाही दिसला तर मग शून्य, हां."

शेवंती, तिची आई, दारातच उभी होती.

"बापाच्या कार्याला लेक नाही. लोकांना काय सांगू?"

मायाने वही मिटली.

"आणि एकटी जाऊन काय करणार? तुझीपण पेन्सिलच."

"मग कोणाला नेऊ?"

शेवंतीने पदराला हात पुसले आणि फोन उचलला. "भन्तेजी, जयभीम. रविवारचा कार्यक्रम पुढच्या रविवारी घेऊ या का?" बोलणं संपवून ती म्हणाली, "तुझे पप्पा इतकी वर्षं मला चल म्हणायचे. चप्पल चालेल की बूट लागतात?"

"आई, दिसेलच असं नाही."

"नाही दिसला तर शून्य लिही," शेवंती म्हणाली. "पण बघून लिही."