सकाळी अडणारी मारुती

एप्रिलच्या पहिल्या पंधरा दिवसांत शालिग्राम बोरसे यांची जुनी मारुती सकाळी सहाला एकदाही सुरू झाली नाही आणि दुपारी एकला एकदाही अडली नाही.

शालिग्राम मेहरूणमध्ये राहत आणि कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत. घरातली कोणतीही दुरुस्ती दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, हा त्यांचा नियम होता. त्यामुळे एका वेळी बरीच कामे उघडी पडलेली असत. सध्या स्कूटरचे इंजिन गोणपाटावर सुटे पडले होते, स्वयंपाकघरातला नळ सुतळीने बांधला होता आणि मागचे दार घासून झाले होते, पण रंगवायचे राहिले होते.

यांतले थांबू न शकणारे काम गाडीचे. थोरली बहीण झुंबरअक्का मार्चअखेरीस पारोळ्याहून राहायला आली होती. तिच्या डाव्या डोळ्याच्या पडद्याला सूज होती. इंजेक्शन देणारे डॉक्टर धुळ्याला महिन्यातून दोनच गुरुवार, सकाळी नऊ ते अकरा येत. दोन एप्रिलला गाडी दुपारी सुरू झाली, तोवर डॉक्टर निघून गेले होते. सोळा तारीखही हुकली, तर त्या डोळ्याची खात्री देता येणार नाही, असे दवाखान्याने फोनवर सांगितले.

शालिग्रामांच्या पत्नी सुलक्षणाबाईंनी भाड्याच्या गाडीचा विषय काढला. अक्काने तो तिथेच मिटवला; जायचे तर भावाच्याच गाडीने, असा तिचा हट्ट होता.

"मन्हा भाऊनी गाडी शे ना. तिन्हामाच जासू."

"ती सकाळी चालत नाही, अक्का," शालिग्राम म्हणाले.

"तुन्हं बठ्ठंच अर्धं ऱ्हास, भाऊ. पण करस तू."

तुझे सगळेच अर्धे राहते, पण करतोस तू, या विश्वासाचे शालिग्रामांना दडपण येई.

शेजारचे जीवराम रोज सहाला धक्का मारायला येत. "सर, आज कडुनिंबापर्यंत, का थेट धुळ्यापर्यंत?" असे विचारून ते गाडी कडुनिंबापर्यंत ढकलत, तिथून परत आणत आणि मग शालिग्रामांना आपल्या मोटारसायकलवर महाविद्यालयात सोडत. दोन आठवड्यांत त्यांनी एकदाही कुरकुर केली नव्हती.

शालिग्रामांनी बॅटरी बदलली, प्लग बदलले. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारी डबी, उघडून पाहिली. ती आतून कोरडी होती. सकाळी तास असल्यामुळे आपली प्रत्येक तपासणी दुपारीच होते, याकडे मात्र त्यांचे लक्ष गेले नाही.

बुधवारी संध्याकाळी सुलक्षणाबाई भाचीच्या साखरपुड्यासाठी जामनेरला गेल्या. गुरुवारी पावणेसहाला शालिग्राम पोर्चमध्ये आले. फरशी ओली होती. ती रोजच ओली असे. पहाटे सुलक्षणाबाई सडा टाकत, त्यामुळे त्या ओलीकडे कधी कोणी पाहिलेच नव्हते.

"अक्का, सडा तू टाकलास?"

"माले धड दिखत नही, मी कसाले सडा टाकू?"

म्हणजे पाणी दुसरीकडून आले होते. शालिग्रामांनी वर पाहिले. खिडकीच्या कूलरच्या काठावरून एक थेंब सुटला, बोनेटवर पडला आणि काचेखालच्या फटीत शिरला. त्यांनी आधी कूलरचा नळ बंद केला, मग बोनेट वर करून डिस्ट्रिब्युटर उघडला. आत पाणी होते.

तेवढ्यात जीवराम बाह्या सरसावत आले.

"जीवरामभाऊ, आज ढकलू नका. एखादं कोरडं फडकं द्या."

जीवरामांनी खांद्यावरचा रुमाल दिला. डबी आतून-बाहेरून पुसून झाल्यावर पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली.

"म्हणजे पंधरा दिवस मी ओल्या डबीला ढकलत होतो?"

"हो."

"बरं झालं सांगितलंत. मला वाटलं, माझाच जोर कमी पडतोय."

"तुमचा जोर होता म्हणून मी रोज पुन्हा प्रयत्न केला," शालिग्राम म्हणाले. "नाहीतर दुसऱ्याच दिवशी सोडून दिलं असतं. फार उपकार झाले तुमचे."

जीवरामांनी काळा पडलेला रुमाल झटकला आणि अक्काला हात देऊन पुढच्या सीटवर बसवले.

नऊ वाजून वीस मिनिटांनी ते धुळ्याच्या दवाखान्यात पोहोचले. इंजेक्शन झाले. सूज अजून आटोक्यात आहे, असे डॉक्टर म्हणाले. बाकावर बसलेल्या अक्काचा हात शालिग्रामांनी बराच वेळ सोडला नाही.

गाडी अडण्याचे कारण असे होते. एकतीस मार्चला अक्काच्या संडासातल्या फ्लशच्या टाकीचा बॉल तुटला. तिला बादली उचलावी लागू नये, म्हणून शालिग्रामांनी कूलरमधला, पाणी भरल्यावर नळी बंद करणारा बॉल काढून तिथे बसवला. कूलरसाठी दुसरा त्याच संध्याकाळी आणायचा होता, तो राहिला. त्यामुळे कूलरमध्ये सोडलेली बारीक धार रात्रभर थांबत नसे आणि काठावरून सांडलेले पाणी खाली उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये जाई. त्रेचाळीस अंशांच्या उन्हात दुपारपर्यंत ते वाळून जाई.